उजळाईवाडीला वळिवानं गाठलं तेव्हा

मे महिन्यातला शनिवार. मी आणि माझा मित्र बारामतीहून सकाळी सेसना १७२, म्हणजे एका इंजिनाचं चार आसनी छोटं विमान, घेऊन निघालो. सरळ दक्षिणेला तासाभराचं उड्डाण. उसाचे हिरवे पट्टे दिसायला लागले की कोल्हापूर आलं समजायचं. राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा हा उजळाईवाडीचा विमानतळ. उतरलो तेव्हा वारा पश्चिमेचा, अगदी मंद. त्यामुळे विमानाचं नाक पश्चिमेला करून बांधलं आणि जेवायला गावात गेलो. तांबडा-पांढरा झाला, अंबाबाईचं दर्शन झालं.

साडेतीनला परतलो तेव्हा सामान उचलणारे एक मामा म्हणाले, "सायेब, उगवतीला बघा. आभाळ उठलंय." डोक्यावर तर रखरखीत ऊन होतं. पण मामांचं बरोबर होतं. आपल्याकडं वळीव बहुतेक पूर्वेकडूनच चढतो. आम्ही उड्डाण रद्द केलं, ते बरं केलं. विमान मात्र तसंच पश्चिमेला तोंड करून ठेवलं, ही आमची चूक.

आधी वारा साफ पडला. झाडाचं पान हलेना. मग धुळीचा लोट आला आणि विमानाला मागून धडकला. पावसाचा थेंबही नव्हता. ढगातून खाली आदळलेली गार हवा पावसाच्या कितीतरी पुढं, कधी दहा-पंधरा किलोमीटरही पुढं धावते. पंख-शेपटीचे हलते भाग जखडून ठेवणारं कॉकपिटमधलं कंट्रोल लॉक लावलेलं होतं, पण या विमानात ते रडरला, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला, धरत नाही. रडर धाड धाड दोन्हीकडं आपटत होतं. डाव्या पंखाची दोरी आम्ही वीतभर ढिली सोडली होती. पंख उचलला गेला, डावं चाक चार बोटं वर आलं, दोरीला हिसका बसला आणि चाक परत खाली आदळलं. असं तीनदा झालं. मित्र पंख धरायला धावत होता, मी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. विजा चमकत असताना एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या उघड्या जागेवर, जायचं नाही. विमान काय, नंतर दुरुस्त करता येतं.

रिकामी सेसना साडेसातशे किलोच्या आसपास भरते, म्हणून ती जड वाटते. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि पन्नासेक नॉटला, म्हणजे ताशी नव्वदेक किलोमीटरला, हेच पंख तिला हवेत तोलून धरतात.

एप्रिल-मे मध्ये इकडं येणाऱ्यांनी दुपारचं आभाळ बघून विमान लावा, सकाळचा वारा बघून नव्हे. पूर्वेला ढग उठले असतील तर नाक पूर्वेला करा. दोऱ्या स्वतःच्या आणा, नायलॉनच्या. नारळाच्या किंवा सुती दोरीवर भरवसा ठेवू नका. दोरी पंखाखालच्या कडीतच बांधा, आधाराच्या दांड्याला नाही. जमिनीशी साधारण ४५ अंशांत ताणा आणि बोटाच्या पेराएवढीच ढील ठेवा. शेपटीची दोरी विसरू नका, मागून वारा आला की तीच कामाला येते. चाकांना पुढूनमागून चॉक, म्हणजे अडकण, लावा आणि रडरला बाहेरून लावायचं लॉक जवळ ठेवा. मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या. वीज किती लांब पडतेय ते त्यात कळतं.

दारांचंही तसंच. मागून वारा असताना दार सोडलं तर झटक्यात पुढं जाऊन बिजागरी वाकते. एका हातानं दार धरूनच उतरा. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मागून वारा असेल तर योक (हातातलं स्टिअरिंग) पुढं दाबून धरा आणि गती माणसाच्या चालीएवढी ठेवा.

पाऊस थांबल्यावर बघितलं तर रडरचा स्टॉप, म्हणजे त्याला ठरावीक हद्दीत अडवणारा तुकडा, वाकला होता. बाकी सगळं वरवर धड दिसत होतं, तरी आम्ही उडालो नाही. सोमवारी मेकॅनिक आला, त्यानं शेपटीची प्रत्येक बिजागरी हातानं हलवून तपासली, केबलचा ताण मोजला. मंगळवारी सकाळी सातला, वारा उठायच्या आत, आम्ही परत निघालो.