मोडतोड नावाचे फोल्डर

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर, शिकायचे ठरवले तेव्हा आधी मी रीतसर वाचन केले. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोडही गिटमध्येच ठेवला जाऊ लागला, ही हकिकत मला तोंडपाठ झाली. कमिट (बदलांची जतन केलेली नोंद), ब्रँच (कामाची वेगळी शाखा), मर्ज (दोन शाखा एकत्र करणे) यांच्या व्याख्याही झाल्या, पण हाताला काही वळण लागले नव्हते.

ते लागले एका चुकीने. शेवटची एक कमिट मागे घ्यायची होती आणि मी हार्ड रिसेट (ब्रँच आणि फाइली दोन्ही जुन्या कमिटवर नेणारी आज्ञा) करताना एकाच्या जागी तीनचा आकडा टंकला. लॉग, म्हणजे कमिटची यादी, उघडला, तर सकाळपासूनचे काम कधी झालेच नव्हते. पोटात गोळा आला. शोधाशोध करताना रिफ्लॉग ही आज्ञा सापडली. हेड, म्हणजे आपण सध्या कोणत्या कमिटवर आहोत ती खूण, कुठून कुठे गेले याची ती रोजनिशीच. प्रत्येक ओळीच्या आरंभी हॅशची, म्हणजे कमिटच्या ओळखक्रमांकाची, सात अक्षरे आणि पुढे मी केलेला उपद्व्याप. दुसऱ्याच ओळीत माझी शेवटची कमिट होती. तिच्यावर नवी ब्रँच काढताच तिन्ही कमिट परत आल्या. एका फाइलमधले स्टेजसुद्धा न केलेले, म्हणजे कमिटसाठी निवडूनही न ठेवलेले, बदल मात्र कायमचे गेले, कारण ते मी गिटच्या स्वाधीन केलेच नव्हते.

तोवर मी ब्रँचला कोडची वेगळी प्रत समजत होते. ती तर एका कमिटचा हॅश लिहिलेली चिठ्ठी निघाली: रिसेटने चिठ्ठीवरचा मजकूर बदलला होता, कमिट जागच्या जागी होत्या. अशा पोरक्या कमिटच्या नोंदी रिफ्लॉग एरवी ३० दिवस सांभाळतो, हेही तेव्हाच कळले.

मग मी ‘मोडतोड’ नावाचे फोल्डर केले, त्यात तीन ओळींची एक फाइल ठेवली आणि मुद्दाम नासधूस सुरू केली. दोन ब्रँचमध्ये एकच ओळ वेगवेगळी लिहून मर्ज केले, तेव्हा फाइलच्या मधोमध सात कोनी चिन्हांची आणि सात बरोबरच्या चिन्हांची कुंपणे उभी राहिली. वर माझी ओळ, खाली दुसऱ्या ब्रँचची. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे अशा दोन बदलांची टक्कर, या शब्दाचा मी घेतलेला धसका तिथेच ओसरला. पहिल्या खेपेला एक कुंपण पुसायचे राहिले आणि गिटने ते निमूटपणे कमिट करून घेतले, ही गोष्ट वेगळी.

चेकआउटशी मात्र माझे अजून जमलेले नाही. ब्रँच बदलायची तीच आज्ञा आणि फाइलमधले बदल पुसून टाकायचीही तीच, ही रचना मला आजही अन्यायाची वाटते, २०१९मध्ये २.२३ या आवृत्तीत स्विच आणि रिस्टोअर या वेगळ्या आज्ञा आल्या, तरी बोटे जुन्याच सवयीने चालतात.

‘मोडतोड’ अजून आहे. त्याचा लॉग जेमतेम डझनभर ओळींचा आहे. रिफ्लॉग उघडला, तर पाने सरकवून बोट दुखते.