फादर, पाट आणि तलावपाळी

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. आमच्या घरात मात्र ‘तळे’ या शब्दाचा अर्थ एकच, मासुंदा. त्याच्या काठाशी आमचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे आणि हाकेच्या अंतरावर कौपिनेश्वराचे देऊळ. लहानपणापासून विसर्जनाच्या मिरवणुका मी पाहिल्या त्या चर्चच्या फाटकाशी उभा राहून. ढोल वाजत, गुलाल उडे, गर्दी तळ्याकडे सरके आणि आम्ही मुले आत परतत असू. कोणी अडवले होते असे नाही, उलट शेजारून मोदकांचे ताट दरवर्षी न चुकता येई. रस्ता ओलांडायचा राहून गेला होता, एवढेच. तो २०२४च्या सप्टेंबरात ओलांडला, आणि तोही फिलिपिन्सहून आलेल्या एका मिशनरी फादरांमुळे.

फादर संत फ्रान्सिसच्या मार्गाने जाणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाचे, तेथल्या सेबू शहरातले. दक्षिणेत एका बैठकीला जाण्यापूर्वी त्यांनी सबंध आठवडा ठाण्यासाठी राखून ठेवला होता आणि त्यामागचे कारण सातशे वर्षांपूर्वीचे होते. इ. स. १३२१ मध्ये होर्मुझहून कोल्लमकडे आणि तेथून पुढे चीनला जायला निघालेल्या चार फ्रान्सिस्कनांचे जहाज वाऱ्याने ठाण्याच्या किनाऱ्याला लागले. टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे ते चौघे. येथल्या एका नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला, पण तेव्हाच्या अधिकाऱ्यांपुढे धर्मावरून वाद पेटला आणि एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला. त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरले आणि पुढे ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कनाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. फादरांना हे सारे तोंडपाठ होते. मी जन्माने ठाणेकर, पण मला निम्मेअर्धेच ठाऊक होते, आणि ‘ही ती जागा’ म्हणून बोट दाखवायला खुणेचा दगडही माझ्याजवळ नव्हता.

ते आले ७ सप्टेंबरला, नेमके गणेश चतुर्थीच्या दिवशी. तारखा ठरवताना पंचांग पाहण्याचे कोणालाच सुचले नव्हते. विमानतळावरून आणणारी टॅक्सी जांभळी नाक्याच्या अलीकडेच अडकली, तेव्हा आम्ही उतरून बॅगा हातात घेऊन चालू लागलो. समोरून एक गृहस्थ पाटावर मूर्ती घेऊन येत होते, मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता आणि पुढे दोन मुले झांजा वाजवत होती. तोंड का झाकले आहे, असे फादरांनी विचारले. घरी नेऊन स्थापना होईपर्यंत झाकतात, असे मी सांगितले आणि हे आपण प्रथमच कोणाला तरी समजावून देत आहोत, हे माझ्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मरियामातेचा जन्मदिवसही. सकाळी चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना झाली, संध्याकाळी दीड दिवसाचे गणपती निघाले. मी सवयीने फाटकाशी थांबलो. फादर थांबले नाहीत. पाच मिनिटांनी ते मला एका लेझीम पथकाच्या मागे दिसले, दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे, असे शांतपणे नाचत होते. सेबूमध्ये जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सिनुलोगचा उत्सव असतो, त्याची हीच चाल. तेथल्या बॅसिलिकेच्या अंगणात मेणबत्त्या विकणाऱ्या बायका भाविकाचे नाव घेऊन, मेणबत्त्या उंच धरून अशाच पावलांनी त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आणि जमाव ‘पित सेन्योर’ असा गजर करतो. उत्सव आहे तो बाळ येशूच्या मूर्तीचा. ती मॅगेलनने १५२१ मध्ये सेबूच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी दिली आणि १५६५ मध्ये जळालेल्या वस्तीत एका स्पॅनिश शिपायाला शाबूत सापडली. लेझीम पथकातील मुलांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी फादरांच्या हातात एक लेझीम दिली आणि ते ताल चुकवू लागल्यावर सौजन्याने काढूनही घेतली.

सोमवारी वसईला गेलो. घोडबंदर रस्त्याने जाण्याचा निर्णय माझा होता आणि त्याबद्दल अधिक न लिहिलेले बरे. वसई हे गोन्सालो गार्सियांचे जन्मगाव. ते मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाले, तेथून जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. तुमच्या देशातून आमच्याकडे कोणी आले त्याची ही परतफेड समजा, असे फादर म्हणाले. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये, जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीज शिळांवरून ते जपून, कडेकडेने चालले.

मंगळवारी चरईतल्या आमच्या शेजारी गौरी आल्या. हे कुटुंब मूळचे मालवणकडचे, त्यामुळे नैवेद्याला पातोळे होते. वहिनी हळदीची पाने पुसून ठेवत होत्या. तांदळाच्या पिठाची पेस्ट पानावर बोटांनी पातळ पसरायची, मधल्या शिरेवर गूळखोबऱ्याचे सारण ठेवायचे, पान दुमडून कडा दाबायच्या आणि मोदकपात्रात लावायचे, एवढेच काम, पण पीठ जाड राहिले की पातोळा कच्चा लागतो. फादर दारातून पाहत होते. तांदूळ आणि नारळ केळीच्या पानात बांधून शिजवण्याची रीत त्यांच्या घरचीच, त्यामुळे हात शिवशिवत असावेत. त्यांनी विचारले, वहिनींनी माझ्याकडे पाहिले, मग म्हणाल्या, “आधी हात धुवायला सांगा त्यांना, आणि नैवेद्याचे काढून ठेवलेत त्यांना हात नको. बाकीचे करू देत.” त्यांनी केलेल्या सात पातोळ्यांपैकी एकही फुटला नाही. वाफ सुटली तसा हळदीच्या पानांचा वास जिन्यापर्यंत गेला आणि वहिनींनी त्यांना ‘फादर’ऐवजी ‘भावजी’ म्हणायला सुरुवात केली.

गुरुवारी गौरी-गणपती निघाले. तळ्यालगत महापालिकेने केलेल्या कृत्रिम तलावापाशी रांग होती. कडेला निर्माल्याचे कलश होते आणि कमरेएवढ्या पाण्यात स्वयंसेवक उभे होते. आरती झाली, मूर्ती त्यांच्या हातात गेली, तीन वेळा बुडवली गेली आणि तिसऱ्यांदा वर आली नाही. सेबूचा बाळ येशूही उत्सवाच्या आदल्या दिवशी होडीतून पाण्यावर फिरतो, पण तो मंदिरात परत येतो. फादर पाण्याकडे पाहत राहिले. “आणि ही?” त्यांनी विचारले. मी म्हटले, मूर्ती पुढच्या वर्षी नवी. वहिनींच्या मुलाने काठावरची चिमूटभर माती पाटावर ठेवली, कारण रिकामा पाट घरी नेत नाहीत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्याने पाट जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. ते फादर होते.

तलावपाळीवरून चर्चच्या फाटकासमोरून आम्ही परतलो, तेव्हा फाटकाशी आमच्याच पॅरिशमधली चार मुले उभी होती. पाट दोन्ही हातांनी छातीशी आडवा धरून, माती सांडू नये म्हणून फादर हळूहळू चालत होते. मुलांनी त्यांना ‘गुड इव्हिनिंग, फादर’ म्हटले. त्यांना हात हलवता येईना, म्हणून त्यांनी मान डोलावली.