काही मिनिटांच्या रेणूचा पाठलाग: नागपुरातील माझे आरएनए संशोधन

जिवाणूंतील आरएनएचा अभ्यास करणाऱ्याची मुख्य अडचण अशी असते की, ज्या रेणूचे मोजमाप करायचे तो मोजमाप पूर्ण होईपर्यंत टिकत नाही. ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूत बहुतेक संदेशवाहक आरएनएचे (जनुकातील माहिती प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेपर्यंत नेणाऱ्या रेणूंचे, म्हणजेच 'संदेशां'चे) अर्धायुष्य, म्हणजे त्यांचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ, अवघ्या काही मिनिटांचे असते. नागपुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना हे मी परीक्षेपुरते शिकले होते. त्याचा प्रयोगशाळेतला अर्थ मात्र पीएच.डी.च्या काळात उमगला आणि पुढचे माझे सर्व काम त्याच्याभोवतीच राहिले. नेटची परीक्षा, फेलोशिप, विद्यापीठातील नोंदणी, कोर्सवर्क आणि सहामाही प्रगती अहवाल या वाटेवरून सर्वच संशोधक विद्यार्थी जातात, त्यामुळे त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

विषय निवडताना मला एका जुन्या कोड्याने ओढून घेतले. लोह मुबलक असताना फर नावाचे प्रथिन लोहाशी बांधले जाते आणि अनेक जनुकांचे काम थांबवते. असे असूनही, हे प्रथिन नसलेल्या जिवाणूत लोह वापरणारी काही प्रथिने वाढण्याऐवजी कमी होत असत. काम थांबवणारे प्रथिन काही जनुकांना चालना कशी देते, हा प्रश्न अनेक वर्षे उत्तरावाचून राहिला होता. 2002 मध्ये एरिक मासे आणि सुझान गॉट्समन यांनी त्याचे उत्तर दिले. फर ज्या जनुकांना दाबून ठेवते त्यांपैकी एक जनुक प्रथिन बनवतच नाही. त्यापासून रायएचबी नावाचा सुमारे 90 न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे तितक्या दुव्यांच्या साखळीचा) लघु आरएनए तयार होतो. लोहाची चणचण भासली की हा आरएनए बनू लागतो, एचएफक्यू या प्रथिनाच्या मदतीने लोह वापरणाऱ्या प्रथिनांच्या संदेशांशी जोडी जमवतो आणि त्या संदेशांचा नाश घडवून आणतो. त्यामुळे उरलेले लोह जिवाणूला सर्वांत गरजेच्या कामांसाठी मिळते. तो शोधनिबंध वाचून संपवला तेव्हाच या रेणूच्या आयुष्यावर काम करायचे, हे माझ्या मनाने घेतले.

पहिला टप्पा आरएनए शाबूत बाहेर काढण्याचा होता. आरएनएच्या शर्करेवर डीएनएपेक्षा एक हायड्रॉक्सिल गट जास्त असतो, म्हणून तो मुळातच नाजूक आहे. त्याचे तुकडे करणारी रायबोन्यूक्लिएज विकरे (एन्झाइम) आपल्या त्वचेवर आणि टेबलावरच्या धुळीतही असतात, आणि त्यांतील काही उकळल्यानंतरही पुन्हा कार्यक्षम होतात. पाण्यात 0.1 टक्का डीईपीसी हे विकरे निकामी करणारे रसायन मिसळून ते रात्रभर ठेवणे, नंतर ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून) उरलेले डीईपीसी नष्ट करणे, ट्रिस हे आम्लता स्थिर ठेवणारे रसायन असलेल्या द्रावणात मात्र ते कधीही न घालणे कारण ते ट्रिसशीच अभिक्रिया करते, हे सर्व आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मला अंगवळणी पडेपर्यंत करून घेतले. काचेची भांडी वेगळी, पिपेटही वेगळे, आणि त्या टेबलावर हातमोज्यांशिवाय कोणीही हात टेकवायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

नागपूरच्या उन्हाळ्याने या टप्प्यात एक वेगळाच प्रश्न उभा केला. मे महिन्यात बाहेरचे तापमान 45 अंशांच्या पुढे जाते आणि कूलरच्या दमट हवेत बर्फ पाहता पाहता वितळतो. आरएनएच्या पद्धतींत नमुना ताबडतोब बर्फात गार करावा असे सर्रास लिहिलेले असते. परंतु चंबूतील संवर्धन 37 अंशांवरून शून्याजवळ यायला लागणारा वेळ अशा संदेशासाठी फार मोठा असतो, आणि थंडी हाही जिवाणूला बसणारा एक धक्काच असून त्यामुळे त्याचे काही आरएनए बदलतात. मॅडमनी यावर उलटा उपाय सुचवला. संवर्धनाचा ठरावीक भाग थेट 65 अंशांच्या आम्लधर्मी फिनॉल आणि एसडीएस या साबणासारख्या रसायनाच्या मिश्रणात सोडायचा. तेथे पेशी तत्क्षणी फुटते, विकरे निकामी होतात आणि आम्लतेमुळे डीएनए पाण्याच्या थरातून बाहेर पडून आरएनए त्या थरात राहतो. गरम फिनॉल धोकादायक असतो, त्यामुळे वाफा बाहेर खेचणाऱ्या धुराड्याखाली, चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच हे काम करावे लागते. या पद्धतीने जेलवर (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर) 23एस आणि 16एस या रायबोसोमी, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतील, आरएनएचे पट्टे प्रथमच रेखीव दिसले, आणि नमुन्याचे घड्याळ खरोखर आपल्या हाती आले आहे असा विश्वास मला वाटला.

यानंतर नॉर्दर्न ब्लॉट, म्हणजे जेलवरचा आरएनए पटलावर उतरवून त्यातला हवा तो ओळखण्याची पद्धत. किरणोत्सारी फॉस्फरस-32 चे अर्धायुष्य सुमारे 14 दिवसांचे असते आणि त्याच्या वापरासाठी परवानगी व स्वतंत्र व्यवस्था लागते, म्हणून आम्ही डिगॉक्सिजेनिन या रसायनाची खूण असलेला प्रोब (हव्या त्या आरएनएशी जुळणारा तुकडा) वापरला. युरिया असलेल्या जेलवरून आरएनए नायलॉनच्या पटलावर उतरवत असताना वीज गेली तर सबंध पटल वाया जाई. त्यामुळे वीजपुरवठ्यासाठी वेगळी बॅटरी बसवून घेतल्यानंतरच मी महत्त्वाचे नमुने चालवू लागले.

आता या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. आरएनएचे अर्धायुष्य मोजण्याची रूढ रीत म्हणजे जिवाणूंना रिफॅम्पिसिन देणे. क्षयरोगावरचे हे औषध जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे आरएनए बनवणाऱ्या विकराला, नवा आरएनए सुरू करू देत नाही, आणि मग जुना आरएनए किती वेगाने संपतो ते मिनिटामिनिटाला नमुने घेऊन पाहता येते. या रीतीने मोजल्यास रायएचबी अतिशय टिकाऊ दिसतो. अर्ध्या तासानंतरही त्याचा पट्टा ठळक असतो. दुसऱ्या प्रयोगात मी औषध न देता संवर्धनात फेरस सल्फेट घातले. लोह मिळताच फर रायएचबीची निर्मिती थांबवते, पेशीतील बाकीचे संदेश मात्र बनत राहतात. या वेळी तोच पट्टा काही मिनिटांत फिका पडला. फेरस सल्फेटचे द्रावण हवेत लवकर पिवळे पडते, म्हणून प्रत्येक वेळी ते ताजे करावे लागे. पण निष्कर्ष पुन्हा पुन्हा तोच आला.

या फरकाचे कारण मासे, एस्कॉर्सिया आणि गॉट्समन यांनी 2003 मध्ये दाखवले होते. रायएचबी आपल्या लक्ष्य संदेशाशी जोडला गेला की आरएनेज ई हे विकर दोघांनाही नष्ट करते, म्हणजे संदेश संपवताना लघु आरएनए स्वतःही खर्ची पडतो. रिफॅम्पिसिनने सर्वच संदेश बंद पाडले की रायएचबीला जोडीदार उरत नाहीत, आणि म्हणूनच तो टिकतो. औषधाखाली मोजलेला आकडा आपल्या जागी खरा असतो, परंतु तो जोडीदारांविना असलेल्या रेणूचा असतो. स्वतःच्या हाताने दोन्ही पटले शेजारी ठेवून हे पाहिले तेव्हा, थांबवण्याची रीत हीदेखील प्रयोगातील एक घटक असते, ही गोष्ट माझ्या मनात कायमची रुजली. खुल्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वाधिक वेळ याच दोन पटलांवर घालवला आणि प्रश्न विचारता विचारता चर्चा इतर लघु आरएनएंपर्यंत नेली.

माझे सध्याचे काम त्या चर्चेतूनच निघाले. नागपुरातच अध्यापन करत असताना मी एका विद्यार्थिनीसह एसजीआरएस या 227 न्यूक्लिओटाइडच्या आरएनएवर काम करते आहे. पेशीत फॉस्फेट जोडलेली शर्करा साचली की तो बनतो, ग्लुकोज आत घेणाऱ्या वाहकाच्या संदेशाला रोखतो आणि शिवाय 43 अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिनही तयार करतो. लोहासारखा सोपा खटका येथे उपलब्ध नाही. अरॅबिनोज या शर्करेवर चालणाऱ्या प्रमोटरवरून (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागावरून) तो बनवून ग्लुकोजने बंद करावा, तर ग्लुकोज हाच या व्यवस्थेचा विषय असल्याने मोजमापच बदलते. म्हणून आम्ही हा आरएनए बनायला लावणारे शर्करेसारखे संयुग काढून टाकण्यासाठी पेशी बारीक पटलावर झटपट गाळून ताज्या माध्यमात सोडण्याची रीत बसवत आहोत. गाळताना जाणारा वेळ आणि त्या वेळात पेशीला बसणारा ताण वेगळा मोजता यावा यासाठी, संयुग न काढताही तशीच गाळलेली पेशींची जोडी आम्ही प्रत्येक प्रयोगात ठेवतो.