जळगावात हीटिंग विकत घेतो आम्ही

मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि कस्टमरच्या कार्बन उत्सर्जनाच्या फॉर्ममध्ये कॉलम, "खरेदी केलेली उष्णता". आमचा स्टोअरवाला म्हणे, काय भो, जळगावात हीटिंग कोण विकत घेतं? पण घेतो ना. एमआयडीसीत शेजारच्या युनिटच्या बॉयलरवरून वाफेची लाइन येते, तीच ती. स्वतःचा बॉयलर असता तर स्कोप १, म्हणजे आपलं थेट उत्सर्जन; विकतची वाफ म्हणजे स्कोप २, विकत घेतलेल्या ऊर्जेमागचं उत्सर्जन, विजेच्या पंगतीत.

बिल येतं टनात, उत्सर्जनाचा फॅक्टर मात्र गिगाज्यूलवर, म्हणजे उष्णतेच्या एककावर. ७ बारची वाफ, फीडवॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) ६० डिग्री, म्हणजे टनाला साधारण २.५ गिगाज्यूल. दगडी कोळशाचा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा) फॅक्टर गिगाज्यूलला ९४.६ किलो, पण तो जळणाचा, वाफेचा नाही, इथंच मी पहिल्यांदा आपटलो. बॉयलरची एफिशियन्सी ८० टक्के धरली तर ९४.६ भागिले ०.८, म्हणजे वाफेच्या गिगाज्यूलला ११८ किलो, आणि एक टन वाफेमागे जवळपास ३०० किलो कार्बन डायऑक्साइड. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, परत पाठवत असाल तर तेवढी उष्णता वजा.

मग कळलं की कापूस निघाल्यावर ते शेजारचे युनिटवाले पऱ्हाटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) दाबून केलेल्या ब्रिकेट्स जाळतात. त्यांचा सीओटू स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवायचा, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप २ मध्येच. कोणत्या महिन्यात किती जाळल्या विचारलं तर उत्तर, अंदाजे लिहून टाका ना भो. शेवटी त्यांच्या वॉचमनची ट्रकनोंदीची वही मागवली, चहाचे डाग पडलेली, तीच घेऊन बसलोय, जानेवारीच्या पानापर्यंत आलो.