कोवळ्या उन्हाची कारागिरी

थंडीतलं ऊन मवाळ, म्हणून हवेतली रसायनंही गप्प बसत असतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या गच्चीवरचा सेन्सर तसं म्हणत नाही. रस्ता शांत असतानाही कधीकधी ऊन चढेल तसे सूक्ष्म कण वाढत जातात.

यामागे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे एक ऑक्सिजन नि एक हायड्रोजन अणूचा, भेटेल त्याच्याशी झटकन अभिक्रिया करणारा तुकडा. एरवी तो ओझोन, अतिनील किरण आणि बाष्प यांतून तयार होतो. हिवाळ्यात अतिनील किरण आणि बाष्प दोन्हींची टंचाई. मग येतो कुठून? बराचसा नायट्रस आम्लातून, आणि हा भाग मला फार आवडतो. रात्री भिंती, माती, धूळ अशा ओलसर पृष्ठभागांवर नायट्रोजन डायऑक्साइडपासून हे आम्ल बनतं नि जमिनीलगत साचतं. ते फुटायला 400 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशही चालतो, त्यामुळे सकाळचं तिरपं ऊनही पुरतं!

सुटलेला हायड्रॉक्सिल नायट्रोजन डायऑक्साइडला गाठून नायट्रिक आम्ल बनवतो. त्याला अमोनिया भेटला की अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण. उकाड्यात त्यांचा पुन्हा वायू होतो, गारठ्यात मात्र ते टिकून राहतात.

ओझोनचं उलट, तो घटतो: गाड्यांच्या ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला गिळतो. म्हणून नुसता ओझोनचा कमी आकडा दाखवून ‘हवा छान’ म्हणणाऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही.