तुम्ही विचारलंत म्हणून: हिडन फील्ड नक्की कोणापासून लपलेलं असतं?

हिडन फील्ड म्हणजे फॉर्ममधला असा रकाना, जो पानावर दिसत नाही पण सबमिट केल्यावर बाकीच्यांबरोबर सर्व्हरकडे जातो. वेब शिकायला येणारी मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, हिडन फील्डची व्हॅल्यू जावास्क्रिप्टने वाचता येते का? आम्हाला नल येतं, म्हणजे काही सापडलंच नाही असं."

येते की. साध्या टेक्स्टबॉक्सची घेता तशीच घ्यायची: गेट-एलिमेंट-बाय-आयडीने फील्ड पकडा आणि त्याची व्हॅल्यू विचारा. नल येतं त्यात हिडनचा काही दोष नसतो. स्क्रिप्ट पानाच्या वरच्या भागात असते. ती चालते तेव्हा ब्राउझर खालच्या फॉर्मपर्यंत पोचलेलाच नसतो. स्क्रिप्ट फॉर्मच्या खाली न्या, किंवा फाइल वेगळी असेल तर स्क्रिप्टच्या टॅगला डिफर लावा, म्हणजे ती पान पूर्ण वाचून झाल्यावर चालेल. कधी फील्डला नुसतं नेम दिलेलं असतं आणि आपण शोधतो आयडीने. सर्व्हरकडे जायला नेम लागतंच, तेव्हा दोन्ही द्या. आणि हाती आलेली व्हॅल्यू स्ट्रिंग असते, म्हणजे आकडा नव्हे, मजकूर. ५ मध्ये १ मिळवायला जाल तर ५१ होतील.

एका गोष्टीने माझी अख्खी दुपार खाल्ली होती. स्क्रिप्टने हिडन फील्डची व्हॅल्यू बदलली आणि मग फॉर्म रीसेट केला, तर बाकी रकाने मूळ पदावर येतात, हिडन येत नाही. त्याची व्हॅल्यू बदलली की एचटीएमएलमधला मूळ ॲट्रिब्यूटच, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेली व्हॅल्यूच, बदलतो, मग परत जायला जुनं काही उरत नाही.

पण मुलांनी विचारावा असा खरा प्रश्न वेगळा आहे. तुमची स्क्रिप्ट जे वाचते, बदलते, ते पान उघडणारा कोणीही करू शकतो. राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आकडा खोडा, नवा लिहा, सबमिट. सुरुवातीच्या काळात मी एका छोट्या दुकानाला ऑर्डरचा फॉर्म करून दिला आणि वस्तूचा भाव हिडन फील्डमध्ये ठेवला. ऐन दिवाळीत फराळाच्या डब्याची एक ऑर्डर १ रुपयाला नोंदली गेली. दुकानदार काका मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून फॉर्ममध्ये वस्तूचा फक्त क्रमांक जातो, भाव सर्व्हर स्वतःच्या डेटाबेसमधून काढतो. फील्डमध्ये ऑर्डरचा क्रमांक असेल, तर ती ऑर्डर लॉगिन केलेल्या माणसाचीच आहे ना, हेही सर्व्हरवरच तपासते. मुलांनाही मी आधी त्यांच्याच फॉर्मवर इन्स्पेक्ट उघडून आकडा बदलायला लावते. नल कसं घालवायचं ते त्यानंतर.