आंबोलीच्या पावसात बेडूक मोजताना

आंबोलीत बेडकांवर काम करायचं ठरलं आणि पावसाआधीचे महिने कागदपत्रांतच गेले. रात्री जंगलात फिरायचं, उभयचरांना हातात घेऊन मापं घ्यायची, तर वनखात्याची परवानगी आधी हवी. प्रस्ताव, नकाशा, मार्गदर्शकांचं पत्र, कोणती प्रजाती, कशासाठी, किती काळ, सगळं लिहून द्यावं लागतं. परवानगी हातात आली आणि मग मी मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंत येणारे मोजे शिवून घेतले. जळवा त्यातून आत शिरत नाहीत. नोंदीसाठी पेन्सिल, कारण तिथल्या हवेत शाई फुटते.

आंबोली सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस. भोवती सदाहरित आणि निमसदाहरित जंगल, मधेच जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ. सोबत गावातले एक काका होते. त्यांचं सगळं आयुष्य याच रानात गेलेलं.

अंधार पडला की आखलेल्या पट्ट्यावरून चालायचं, तेही इतकं सावकाश की शंभर मीटरला तास लागावा. काका गुडघ्याच्या खाली बघायचे, मी वर. हाताला डासांचं मलम लावायचं नाही, कारण बेडकाच्या कातडीतून ते थेट आत शोषलं जातं. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना बुटांचे तळ घासून धुवायचे. बेडकांना मारणारी बुरशी चिखलाबरोबर पसरते. ही सगळी शिस्त कंटाळवाणी वाटेल, पण मला जे काही दिसलं ते तिच्यामुळेच दिसलं. भरभर चालणाऱ्याला आंबोलीत धुकं आणि धबधबे सोडून फारसं काही भेटत नाही.

मलबारी चापडा हा विषारी साप असाच दिसला. कंबरेच्या उंचीवरची कारवीची फांदी मी हाताने बाजूला करणार, तेवढ्यात मागून काका म्हणाले, "हात नको लावू गो, चापडो आसा." टॉर्च वळवला तेव्हा कुठे तो पानांतून सुटा दिसला. हिरवट अंगावर तपकिरी ठिपके, डोळ्यात उभी बाहुली, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधोमध भक्ष्याच्या अंगाची ऊब ओळखणारा खड्डा. वेटोळ्यांवर पावसाचं पाणी साचलं होतं, तरी तो हलला नाही. पुढे कित्येक रात्री तो त्याच झुडपावर होता. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनतं, चापड्याच्या विषावर नाही. म्हणून नोंद करायची ती चार हात लांबूनच.

माझं मुख्य काम मात्र आंबोली टोडवर होतं. २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने कळलेला हा छोटा भेक, आज अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. पावसाच्या सुरुवातीला जांभ्याच्या सड्यावर बोटभर खोलीची डबकी साचतात, तिथेच त्याची वीण होते, आणि तीही मोजक्याच रात्री. तेवढ्यात मादी आली नाही तर वीण हुकली, आणि ऊन पडून डबकं आटलं तर तिथली अंडी गेली. नराच्या कुशीवरचे पिवळे पट्टे मी पहिल्यांदा जवळून पाहिले तेव्हा मापपट्टी धरलेला हात थरथरत होता. इतका देखणा जीव तळहाताच्या एका कोपऱ्यात मावतो!

गवा भेटला तो सड्यावरून परतताना. आधी वास आला, गोठ्यासारखा, मग जोरात फुसकारा. काकांनी माझा दंड धरला. "उजेड खाली धर. मागे मागे चल, धावू नको." आम्ही पाठ न दाखवता मागे सरकत मोठ्या जांभळीच्या आडोशाला गेलो. धुक्यात त्याच्या पायांचे पांढरे मोजे तेवढे दिसत होते. तो वाटेवरून हटेपर्यंत तिथेच थांबलो आणि त्या रात्रीचा उरलेला पट्टा सोडून दिला. असा सोडलेला पट्टा नोंदवहीत कारणासकट लिहायचा असतो.

इतकं असूनही मला सर्वांत जड गेलं ते रस्त्यावरचं मोजणं. पहिल्या पावसात टोड सड्याकडे जायला डांबरी रस्ता ओलांडतात, आणि नेमक्या त्याच रात्री पावसाळी पर्यटनाच्या गाड्या सुरू होतात. चिरडलेल्या जीवांचंही माप घ्यावं लागतं. त्यांत माद्या असायच्या, पोटात अंडी घेऊन निघालेल्या. मी रस्त्यावर बसून मोजत असताना काका दोन्ही बाजूंना टॉर्च हलवत गाड्या थांबवायचे. काही चालक चिडायचे. काही उतरून बघायचे आणि मग पुढचं अंतर अगदी सावकाश, समोर बघत जायचे.

म्हणून यंदाच्या परवानगीच्या अर्जात रस्त्याचा पट्टा मी वेगळा दाखवला आहे. टोड नेमके कुठून ओलांडतात त्या जागा नकाशावर टिपायच्या आहेत. विणीच्या तेवढ्या रात्री तो तुकडा वाहनांना बंद ठेवावा अशी मागणी त्याच आधारावर करता येईल.